होडीचा हल डिझाइन करायला सोपं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सव्वाचार मीटर लांबीची प्लायवूडची होडी स्वतः डिझाइन करून स्वतःच बांधायची आहे. एरवी दोन माणसं बसतील, कधीतरी तीन. वल्ही असतील आणि मागे एक छोटं आउटबोर्ड इंजिन. कॅडचा अनुभव नाही, लॅपटॉप साधा आहे, सॉफ्टवेअरवर फार खर्च करायचा नाही. शोधायला गेलं की भराभर नावं समोर येतात, त्यातलं सोपं आणि पुरेसं कोणतं?

आधी सरळ उत्तर देतो. डेल्फ्टशिपची मोफत आवृत्ती घ्या, नाहीतर तिची पूर्वज असलेली फ्रीशिप घ्या. होडी पूर्णपणे सपाट शीट वाकवून, कडा जोडूनच बनणार असेल तर कार्लसन हल्स नावाचा जुना, छोटा, फुकट प्रोग्रॅम दोन-तीन संध्याकाळी आधी हाताळून बघा. एवढ्यावर तुमचं काम होईल. पण हे उत्तर कशावरून निघालं ते कळलं नाही, तर पडद्यावर सुंदर दिसणारा आणि प्लायवूडमध्ये कधीच न बनणारा हल, म्हणजे होडीचं बाहेरचं कवच, काढून बसाल. असे हल माझ्याकडे तपासायला बरेच येतात. काढणाऱ्याने त्यावर मनापासून मेहनत घेतलेली असते, आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं.

हलचं सॉफ्टवेअर तीन कामं करतं. आकार काढायला देतं, त्या आकाराचं पाण्यातलं गणित करतं, आणि बांधायला लागणारी मापं बाहेर काढून देतं. नवखा माणूस पहिलं काम बघून सॉफ्टवेअर निवडतो, कारण चित्रफितींत तेच दिसतं. निवड करायची ती तिसऱ्या कामावरून. करवत कशावर चालवणार? प्लायवूडच्या शीटवर, लाकडाच्या बारीक पट्ट्यांवर, की फायबरग्लासच्या साच्यावर? त्यानुसार आकाराची बंधनं बदलतात आणि बंधनांनुसार सॉफ्टवेअर. पट्ट्यांची कयाक बांधणाऱ्याला मी डेल्फ्टशिप सांगत नाही, कयाक फाउंड्री सांगतो. तो प्रोग्रॅम तेवढ्यासाठीच लिहिलेला आहे, त्यात कयाकचा आकार मोजक्या वक्रांवरून बनतो आणि आडव्या छेदांचे साचे छापून मिळतात. तुमचं साहित्य प्लायवूड आहे, तेव्हा पुढचं सगळं प्लायवूड धरूनच लिहितो.

प्लायवूडचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो: ते एका वेळी एकाच दिशेने वाकतं. शीटचा दंडगोल होतो, शंकू होतो, पण चेंडूचा पृष्ठभाग होत नाही. फुटबॉलवर कागद चिकटवायला गेलं की सुरकुत्या पडतात ना, तीच अडचण. जो पृष्ठभाग न ताणता, न चुरगाळता पूर्ण सपाट उलगडता येतो तोच शीटमधून बनतो. गणिताच्या भाषेत त्याची गाउसियन वक्रता सगळीकडे शून्य असावी लागते. थोडीफार जबरदस्ती ६ मिलीमीटरचं प्लायवूड सहन करतं, त्याहून जास्त केली की ते तडकतं किंवा जोडाशी फट ठेवतं. म्हणून तुम्ही निवडाल त्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी हव्यातच: पृष्ठभाग उलगडण्याजोगा आहे का हे दाखवणारी सोय, आणि तो उलगडून सपाट तुकडा काढून देणारी सोय.

फ्रीशिपमध्ये या दोन्ही आहेत. उलगडण्याजोगेपणा तपासायला सांगितला की हल रंगतो, जिथे शीट बसेल तिथे हिरवा आणि जिथे बसणार नाही तिथे लाल. बहुतेक नवख्या डिझाइनांत लाल डाग नाळेजवळच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळच्या, तळात येतो. मधल्या भागात तळ जवळजवळ सपाट आणि नाळेशी एकदम उभा, त्यामुळे पट्टी पिळत जाते. तो डाग घालवायचा तर नाळेचा उतार बदलून बघा, चाइनची रेषा, म्हणजे तळ आणि बाजू जिथे मिळतात ती कड, पुढच्या बाजूला थोडी वर किंवा आत घ्या, आणि परत रंग बघा. दोन कडांमध्ये सरळ रेषा ओढून पृष्ठभाग बनवला म्हणजे तो आपोआप उलगडण्याजोगा होतो अशी एक समजूत आहे, ती खरी नाही. सरळ रेषांनी बनलेला पृष्ठभागही पिळलेला असू शकतो. एका रेषेच्या दोन्ही टोकांशी पृष्ठभागाचा कल एकच असेल, तरच शीट तिथे बसतं. हे डोळ्यांना दिसत नाही, सॉफ्टवेअरला दिसतं, आणि माझ्या मते प्लायवूडवाल्याने सॉफ्टवेअर वापरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

कार्लसन हल्स इथे वेगळ्या बाजूने येतो. त्यात हल म्हणजे मुळातच चाइनच्या काही रेषा आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या. रेषा ओढल्या की पट्ट्या उलगडून शीटवर मांडता येतात. गोल बुडाचा हल त्यात काढायला जाऊ नका, तो त्याचा प्रांतच नाही. दिसायला तो आता जुनाट वाटतो, पण शिकायला फार चांगला आहे, कारण एक रेषा हलवली की सपाट तुकड्याचं काय होतं ते लगेच समोर येतं. फ्रीशिप त्याची फाइल उघडू शकते, तेव्हा तिथे केलेलं काम वाया जात नाही.

आता सॉफ्टवेअर उघडण्याआधीच्या कामाबद्दल. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे काम टाळलं की पुढे कोणतंही सॉफ्टवेअर मदत करू शकत नाही. एक कागद घ्या आणि वजनांची यादी करा. हलकं ६ मिलीमीटर प्लायवूड दर चौरस मीटरला साधारण ३ किलो भरतं. १.२२ बाय २.४४ मीटरच्या शीटचं क्षेत्रफळ जवळजवळ ३ चौरस मीटर, म्हणजे शीटमागे ९ किलोच्या आसपास. जड लाकडाचं प्लाय याहून बरंच जड भरतं, तेव्हा घेणार असाल ते शीट काट्यावर ठेवून बघा. शीट, आडवे छेद (होडीला आतून आकार देणाऱ्या आडव्या फळ्या), बैठका, कडेच्या पट्ट्या, इपॉक्सी आणि काचकापड मिळून तुमची मोकळी होडी ६० किलोच्या घरात जाईल असं धरू. वल्ही, नांगर, दोर, जीवरक्षक जाकिटं यांचे २० किलो. इंजिन आणि इंधन ३०. दोन माणसं १५०. एकूण २६० किलो. एकटं माणूस असेल तेव्हा १८५ आणि तिघं असतील तेव्हा ३३५.

हे तीन आकडे हाताशी आले की डिझाइनला सुरुवात झाली असं समजा. होडी स्वतःच्या आणि आतल्या सगळ्याच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, म्हणून गोड्या पाण्यात २६० किलोला ०.२६ घनमीटर पाण्याखाली जावंच लागतं. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही वॉटरलाइन, म्हणजे पाण्याची पातळी हलला जिथे टेकते ती रेषा, कुठेही आखाल, तो नुसता पर्याय असतो. वजनाची यादी सांगते ती वॉटरलाइन खरी. बरेच जण उलटं करतात: छान दिसेल अशी वॉटरलाइन आखतात, सॉफ्टवेअर म्हणतं डिस्प्लेसमेंट, म्हणजे बाजूला सारलेलं पाणी, ४५० किलो, आणि तो आकडा होडीची वहनक्षमता समजून बसतात. त्याचा खरा अर्थ एवढाच की त्या रेषेपर्यंत होडी बुडवायला एकूण ४५० किलो लागतील. २६० किलोंवर ती त्या रेषेच्या बरीच वर तरंगेल, वॉटरलाइन आखूड होईल, आणि ट्रान्समचा, म्हणजे पिछाडीच्या उभ्या फळीचा, खालचा काठ जिथे हवा होता तिथे नसेल.

यादीत दुसरा रकाना हवा: प्रत्येक वस्तू मागच्या टोकापासून किती अंतरावर आहे. वजन गुणिले अंतर, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन, की गुरुत्वमध्य मिळाला. सॉफ्टवेअर तुम्हाला उत्प्लावन केंद्र, म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचा मध्य, लांबीत कुठे येतो ते सांगतं. हे दोन्ही एका उभ्या रेषेत आले तर होडी सरळ तरंगते, नाहीतर येईपर्यंत ती पुढे किंवा मागे झुकते. २६० किलोच्या होडीत ७५ किलोचा माणूस १ मीटर मागे सरकला तर गुरुत्वमध्य २९ सेंटीमीटर मागे जातो. एवढ्या लांबीच्या होडीत नाळ आणि पिछाडी यांच्या पातळीत त्याने ८-१० सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. इंजिनाचं हँडल धरून मागच्या बैठकीवर एकटं बसणारा माणूस ही छोट्या होडीची सगळ्यात अवघड स्थिती. ती यादीत वेगळी मांडा आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याच स्थितीला होडी कशी तरंगते ते बघा. मोफत आवृत्तीत होडी आपोआप झुकवून समतोल काढायची सोय नसेल तर मागची बाजू हाताने १-१ अंश खाली करत दोन्ही केंद्रं जुळेपर्यंत बघता येतं. कंटाळवाणं आहे, पण करा.

आता पृष्ठभागांच्या जातींबद्दल, कारण सॉफ्टवेअरची नावं खरं तर यावरून विभागली जातात. संगणकाच्या आधी हलच्या रेषा लवचिक लाकडी पट्टीने आखत. पट्टी कागदावर शिशाच्या वजनांनी दाबून धरायची आणि तिच्या स्वाभाविक बाकाने रेष ओढायची. १९६० च्या दशकात फ्रेंच मोटार उद्योगात बेझिए आणि दि कास्तेलजो यांनी अशा वक्रांचं गणित मांडलं आणि पुढे त्यातून नर्ब्स नावाची पद्धत रुळली. ऱ्हायनो आणि मॅक्ससर्फ ही सॉफ्टवेअरं या पद्धतीवर चालतात. दुसरी जात सबडिव्हिजन पृष्ठभागांची. कॅटमुल आणि क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या या कल्पनेत बिंदूंची ढोबळ जाळी देता येते आणि संगणक तिचे तुकडे करत करत गुळगुळीत पृष्ठभाग बनवतो. डेल्फ्टशिप आणि फ्रीशिप या जातीतल्या. चाइन असलेल्या होडीला ही जात जास्त सोयीची पडते, कारण कोणतीही कड धारदार म्हणून खूण करता येते. नर्ब्समध्ये सहसा तिथे दोन पृष्ठभाग जोडावे लागतात आणि मध्ये फट राहणार नाही हे पाहावं लागतं. नवख्याची निम्मी शक्ती त्यात जाते.

जात कोणतीही असो, एक नियम सारखा आहे: बिंदू कमीत कमी ठेवा. सव्वाचार मीटरच्या चाइनच्या होडीला लांबीत पाच-सहा ओळी पुरतात आणि उंचीत प्रत्येक कडेला एक. आकार हवा तसा येत नाही म्हणून लोक मध्ये बिंदू वाढवतात, तिथे बारीक फुगवटा येतो, तो घालवायला आणखी एक बिंदू, आणि पाहता पाहता पृष्ठभागावर लाटा उठतात. पट्टीवर वजनं फार झाली की तीही अशीच वेडीवाकडी व्हायची. पडद्यावर छाया दिलेल्या चित्रात या लाटा लपतात. त्या पकडायच्या तर वक्रता दाखवणारा आलेख चालू करा. प्रत्येक रेषेवर दात उभे केल्यासारखा तो दिसतो. दातांची उंची सावकाश वाढली आणि सावकाश उतरली पाहिजे. मध्येच खालीवर झाली तर बोट तिथेच ठेवा आणि जवळचा एक बिंदू काढून टाकून बघा. बहुतेकदा आकार त्यानेच सुधारतो.

सॉफ्टवेअर हाती घेतल्यावर पहिल्या दिवशी स्वतःची होडी काढू नका, एक खोका काढा. लांबी ४ मीटर, रुंदी १.२ मीटर, पाण्यातली खोली ०.१५ मीटर, काठ थोडे वर. याची सगळी उत्तरं कागदावर काढता येतात. पाण्याखालचं घनफळ ४ × १.२ × ०.१५, म्हणजे ०.७२ घनमीटर. गोड्या पाण्यात ७२० किलो, समुद्राच्या पाण्यात घनता १,०२५ धरली तर ७३८ किलो. वॉटरलाइनवरचं क्षेत्रफळ ४.८ चौरस मीटर, म्हणजे गोड्या पाण्यात दर सेंटीमीटर बुडायला ४८ किलो. उत्प्लावन केंद्र तळापासून ०.०७५ मीटरवर. त्याच्या वर मेटासेंटर (होडी थोडी कलली की उत्प्लावन केंद्रातून जाणारी उभी रेषा होडीच्या मधल्या रेषेला जिथे छेदते तो बिंदू) किती, तर लांबी गुणिले रुंदीचा घन भागिले १२, म्हणजे ०.५७६, आणि त्याला घनफळाने भागलं की ०.८ मीटर. तळापासून मोजलं तर ०.८७५ मीटर.

हे आकडे सॉफ्टवेअरच्या अहवालात शोधा. घनफळ कमी आलं तर कोपऱ्यांच्या कडा धारदार करायच्या राहिल्या आहेत आणि सबडिव्हिजनने खोका गोलसर केला आहे. निम्मं आलं तर तुम्ही अर्धा हल काढलात आणि दुसरी बाजू धरली गेली नाही, किंवा त्याच्या उलट. लांबी-रुंदी हजारपटीने चुकली तर एकक मिलीमीटर आणि मीटर यांत अडकलं आहे. ७३८ आलं तर पाण्याची घनता समुद्राची आहे. मधल्या रेषेवरचे बिंदू बरोबर शून्यावर नसतील तर फ्रीशिप गळतीचे बिंदू म्हणून दाखवते, तेही इथेच समजतं. कोणतंही सॉफ्टवेअर माझ्यासाठी सोपं की अवघड हे मी या खोक्यावरून ठरवतो. ज्याचं उत्तर कागदावर पडताळता आलं आणि चुकलं तर का चुकलं ते सापडलं, ते सोपं. बटणं किती आहेत याला त्यापुढे महत्त्व नाही.

खोका जमला की एखाद्या जुन्या, बांधून झालेल्या होडीचा ऑफसेटचा तक्ता घ्या. ऑफसेट म्हणजे ठरावीक अंतरावरच्या छेदांची उंची-रुंदीची मापं. ती सॉफ्टवेअरमध्ये भरा. दुसऱ्याच्या चांगल्या हलवर हात फिरवताना नाळ किती बारीक असते, तळाला बाक किती कमी असतो, पिछाडी पाण्यातून कुठे बाहेर येते, हे जितकं कळतं तितकं कोऱ्या पडद्यावर कळत नाही. मग ती होडी थोडी थोडी बदलत आपल्या वजनांच्या यादीकडे आणा. पहिलं डिझाइन असंच असावं, असं माझं ठाम मत आहे.

अहवालात डझनावारी आकडे येतात, तुम्हाला त्यातले मोजके लागतात. डिस्प्लेसमेंट आणि दोन केंद्रं यांचं बोलणं झालं. दर सेंटीमीटर बुडण्याचं वजन नीट पाहा. वॉटरलाइन ४ मीटर लांब, १.२ रुंद आणि टोकांशी निमुळती असलेल्या होडीत ते ३४ किलोच्या आसपास येतं, म्हणजे एकट्यापासून तिघांपर्यंत जाताना होडी साडेचार सेंटीमीटर खाली बसेल. प्रिझमॅटिक गुणांक म्हणजे पाण्याखालचं घनफळ भागिले सगळ्यात मोठ्या छेदाचं क्षेत्रफळ गुणिले लांबी. टोकं किती भरलेली आहेत ते हा आकडा सांगतो. वल्ह्यांवर आणि छोट्या इंजिनावर पाणी कापत जाणाऱ्या होडीला ०.५५ ते ०.६ ठीक. पाण्यावर उठून धावणाऱ्या होडीचा तो ०.७ किंवा वर असतो. तुम्हाला यातलं नेमकं काय हवं आहे ते ठरवावं लागेल. ४ मीटरच्या वॉटरलाइनवर न उठता जाणाऱ्या होडीचा वेग साधारण पाच नॉटच्या आतच थांबतो, मोठं इंजिन लावलं तर पिछाडी खाली बसते आणि इंधन जळतं.

स्थैर्याच्या आकड्यांकडे मात्र सावधपणे बघा. मेटासेंटरची उंची रुंदीच्या घनावर चालते. घनफळ तेच ठेवून वॉटरलाइनची रुंदी १० टक्के वाढवली तर उत्प्लावन केंद्रापासून मेटासेंटरचं अंतर ३३ टक्के वाढतं. त्यामुळे हा आकडा चांगला दाखवणं फार सोपं आहे, आणि तो खरा असतो फक्त थोड्या कलापुरता. बैठकीवरचा ७५ किलोचा माणूस उभा राहिला की त्याचा गुरुत्वमध्य ४५ सेंटीमीटरने वर जातो आणि २६० किलोच्या अख्ख्या होडीचा १३ सेंटीमीटरने. ही स्थिती वेगळी मोजा. जास्त कलासाठी सॉफ्टवेअर स्थैर्याचा वक्र काढून देतं, पण तुमची होडी उघडी आहे. मॉडेलला वरून डेक काढलं असेल तर सॉफ्टवेअर काठ पाण्याखाली गेल्यावरही मजेत गणित करत राहतं, प्रत्यक्षात त्या क्षणी पाणी आत येतं. काठ कितव्या अंशाला पाण्याला टेकतो ते बघा आणि वक्राचा त्यापुढचा भाग पुसून टाका. पाणी भरल्यावर होडी तरंगत राहील का, हे या वक्रातून कळतच नाही. त्यासाठी बंद हवेचे कप्पे किंवा फोम किती लागेल ते वेगळं मोजायचं. १ लिटर बंद जागा जवळजवळ १ किलो उचलते, त्यातून फोमचं स्वतःचं वजन वजा. ६ मीटरपेक्षा लहान होड्यांच्या स्थैर्यासाठी आयएसओ १२२१७ या मानकाचा तिसरा भाग आहे. होडीची नोंदणी करायची असेल तर तुमच्याकडचे नियम आधी वाचा. सॉफ्टवेअरचा अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

पाण्याच्या रोधाचे आलेख तुम्ही बाजूलाच ठेवावेत. फ्रीशिपमध्ये रोध काढायच्या दोन पद्धती आहेत, एक डेल्फ्ट विद्यापीठातल्या शिडाच्या यॉटच्या मॉडेलांवरून बसवलेली आणि दुसरी कनू-कयाकसाठीची. तुमची होडी दोन्हींत बसत नाही. आकडा येईल, पण त्यावरून दोन डिझाइनांमध्ये निवड करू नका. मजबुतीबद्दल तर ही सॉफ्टवेअरं काहीच सांगत नाहीत. प्लायची जाडी आणि छेदांमधलं अंतर सिद्ध झालेल्या नकाशांवरूनच घ्या.

बाकीच्या नावांबद्दल पटकन. ऱ्हायनो उत्तम आहे, त्याची पूर्ण आवृत्ती ९० दिवस वापरून बघता येते, उलगडण्याची आणि पाण्याच्या प्राथमिक गणिताची सोय त्यात आहे. पण ते शिकायला महिने लागतात आणि नंतर विकत घ्यावं लागतं. एकाच होडीसाठी तेवढं करू नका, पुढे हाच छंद धरणार असाल तर जरूर करा. मॅक्ससर्फ व्यावसायिकांचं आहे. ब्लेंडरमध्ये चित्र अप्रतिम येतं, पण पाण्याचं गणित आणि होडीची मापं त्यात मुळातून नाहीत. फ्रीकॅडला जहाजांसाठी जोडता येणारं वर्कबेंच, म्हणजे अवजारांचा जोडसंच, आहे, ते हल काढायला नाही तर काढलेल्या हलचं गणित करायला बरं. मोफत आणि विकतच्या आवृत्त्यांमधली सीमा अधूनमधून बदलते, तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी खोका उलगडून त्याची डीएक्सएफ फाइल (इतर प्रोग्रॅमना उघडता येणारी रेखाचित्राची फाइल) बाहेर निघते का ते पाहून घ्या. महिन्याभराचं काम आत अडकलं की फार वाईट वाटतं.

बाहेर काढताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिलं ठिकाण जाडीचं. सॉफ्टवेअरमधल्या पृष्ठभागाला जाडी नसते. तो प्लायचा आतला पृष्ठभाग आहे की बाहेरचा, हे तुम्ही पहिल्याच दिवशी ठरवून फाइलीत लिहून ठेवा. बाहेरचा असेल तर आडवे छेद ६ मिलीमीटरने आत घ्यावे लागतील. आतला असेल तर छेद तसेच चालतात, पण पाण्याखाली ५ चौरस मीटर प्लाय असेल तर त्याची जाडीच ३० लिटर पाणी सारते, जे अहवालात आलेलं नाही. दुसरं ठिकाण शीटच्या मापाचं. सव्वाचार मीटरची बाजू एका शीटमध्ये बसत नाही, दोन शीट तिरकस घासून जोडावी लागतात. जोड जाडीच्या आठपट धरला तर ६ मिलीमीटरला ४८ मिलीमीटर जातात आणि दोन शीटची लांबी ४,८३२ मिलीमीटर उरते. वाकलेली बाजू उलगडल्यावर होडीपेक्षा लांब होते हेही धरा. तुमची होडी दोन शीटमध्ये आरामात बसते. पावणेपाच मीटरची केलीत तर बहुधा तिसरं शीट लागेल, आणि जोडही एक वाढेल. डिझाइन करतानाच ही मर्यादा डोळ्यांसमोर असू द्या.

तुकडे निघाले की आधी १:१० प्रमाणात जाड पुठ्ठ्यावर छापा. छापण्यापूर्वी रेखाचित्रात १०० मिलीमीटरचा एक चौकोन काढून ठेवा आणि कागदावर तो पट्टीने मोजा, छापणारी यंत्रं गुपचूप पान लहान करतात. तुकडे कापून चिकटपट्टीने जोडा. पुठ्ठा कुठे फुगला, कुठे कड अर्धा मिलीमीटर कमी पडली, ते बघा. अर्धा मिलीमीटर म्हणजे खऱ्या होडीत ५. मॉडेल हातात धरून नाळेकडून काठाच्या रेषेवर नजर टाका. पडद्यावर महिनाभर न दिसलेला बाक इथे लगेच दिसतो.

तुमच्यासाठी क्रम असा लावतो: वजनांची यादी, कार्लसन हल्समध्ये दोन चाइनचा कच्चा आकार, तो फ्रीशिपमध्ये उघडून रंग आणि वक्रता तपासणं, तिन्ही भारांना तरंगवून बघणं, मग पुठ्ठा. त्याआधी एक गोष्ट नक्की करा, ती म्हणजे इंजिन. आखूड दांड्याच्या आउटबोर्डला ट्रान्सम साधारण ३८ सेंटीमीटर उंच लागतो, लांब दांड्याच्या इंजिनाला ५१. हा आकडा ठरल्याशिवाय पिछाडीचा छेद काढताच येत नाही. दांडा कोणता आणि इंजिनाचं वजन किती, एवढं विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून पाहून यादीच्या पहिल्या ओळीत लिहा.